पिशवीच्या तोंडाची तपासणी : टेबलावर काय होतं, काय होत नाही



दिघीत आमच्या वस्तीत गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं शिबिर ठरलं की आठवडाभर आधी आम्ही घरोघर जाऊन नावं लिहून घेतो. नावं भरपूर येतात. तपासणीच्या दिवशी मात्र बऱ्याच जणी दिसत नाहीत. कुणाची पाळी आलेली असते, कुणाला भोसरीच्या कंपनीतून सुट्टी मिळत नाही, धुण्याभांड्याच्या कामाला जाणारीचा खाडा पडला तर मालकीणबाई पगार कापते. ही कारणं खरीच असतात. पण नंतर नळावर, किंवा रविवारी विहारात वंदना झाल्यावर चटईवर बसून बोलताना दुसरी कारणं बाहेर पडतात. "तो चिमटा आत अडकला तर?" "आतलं मांस कापून घेतात म्हणे." "केस काढून यायचं असतं ना, मला वेळच नाही मिळाला." "पुरुष डॉक्टर असेल तर मी नाही बाई." आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य : "काही निघालं की पिशवीच काढायला लावतात."

या पानावर कर्करोगाची माहिती याआधीही आली असेल. त्या टेबलावर चढल्यावर आपल्या अंगाला नक्की काय केलं जातं, हे मात्र कुणी सविस्तर सांगत नाही. आज तेच सांगतो.

आधी एक गोष्ट. शिबिराला बायका कमी आल्या की साहेब लोक म्हणतात, "या बायका लाजतात, अडाणी आहेत, जागृती नाही." आम्हाला हे पटत नाही. जिची तीन बाळंतपणं सरकारी वॉर्डात झाली तिला लाजेचं कौतुक सांगू नका. तिला लाज नसते, आठवण असते. बाळंतपणाच्या टेबलावर कळा देताना ओरडली म्हणून "तेव्हा नाही का लाज वाटली?" असं ऐकलेलं असतं. मांडीवर फटका खाल्लेला असतो. पडदा नसलेल्या खोलीत शेजारच्या बाईसमोर तपासणी झालेली असते, आणि मधूनच बादली घेऊन कुणीतरी जात-येत असतं. काहींना बाळंतपणानंतर न विचारताच तांबी बसवलेली असते आणि ते त्यांना महिन्यांनी कळतं. केसपेपरवर आडनाव आणि पत्ता वाचून समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे तर आपल्या घरात कुणाला सांगायला नको. आमच्यातल्या काही जणींनी नर्सची नोकरी करताना हे सगळं आतून पाहिलंय. अशा अनुभवानंतर एखादी बाई धडधाकट असताना, काही दुखत नसताना, स्वतःहून पुन्हा त्या टेबलावर चढायला तयार नसेल तर ती अडाणी नाही. तिने तिच्या अनुभवावरून हिशोब केलाय.

फक्त त्या हिशोबात एक आकडा धरायचा राहतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने आपल्या देशात दरवर्षी ७५ ते ८० हजार बायका मरतात, आणि सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो नव्याने होतो. हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. पेशी बिघडायला लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. अंगातली ताकद कमी असेल, एचआयव्ही असेल, तर पाच-दहा. इतका वेळ देणारे आजार फार थोडे. आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

पडद्यामागे

आता नीट वाचा, आणि घरात सासू-सून दोघी असाल तर दोघी वाचा.

पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत. आदल्या एक-दोन दिवसांत नवरा-बायकोचा संबंध नको, आत कुठलं मलम किंवा गोळी घातलेली नको, आतून पाण्याने धुवायचंही नाही. (आतून धुणं एरवीही करू नये. निसर्गाने तिथली सफाई तिथेच ठेवलेली आहे.) केस काढायची अजिबात गरज नाही. दिवसभर काम करून आलात, घाम आलाय, थोडं पांढरं जातंय, याने तपासणाऱ्या बाईला काही वाटत नाही. उपाशी यायचं नाही. सलवार घालून आलं तर ती पूर्ण उतरवावी लागते आणि मग बाई आणखी अवघडते, म्हणून साडी किंवा मॅक्सी बरी : फक्त निकर काढायची, परकर कमरेपर्यंत वर घ्यायचा. आधी लघवीला जाऊन यायचं. हे छोटं वाटतं, पण भरलेल्या लघवीच्या पिशवीवर तपासणी केली की दुखतं, आणि दुखलं म्हणून बाई पुन्हा येत नाही.

टेबलावर उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, पाय बाजूला घ्यायचे. अंगावर चादर असायला हवी. नसेल तर मागा. तपासणारी आधी बाहेरून बघते. मग एक उपकरण आत घालते, त्याला स्पेक्युलम म्हणतात. आपल्या बायका त्याला चिमटा म्हणतात, पण ते चिमटत नाही. बदकाच्या चोचीसारखं असतं, बंद करून आत घालतात आणि मग थोडं उघडतात, म्हणजे योनीमार्गाच्या भिंती बाजूला होऊन गर्भाशयाचं तोंड दिसतं. त्याला धार नसते. ते आत हरवू शकत नाही, कारण योनीमार्ग ही चार बोटं लांबीची, पुढे बंद असलेली पिशवी आहे. गर्भाशयाच्या तोंडाचं छिद्र इतकं बारीक असतं की त्यातून उपकरण वर जाणं शक्यच नाही. गार लोखंड लागलं की अंग आपोआप आवळतं, म्हणून चांगली नर्स ते कोमट पाण्यात बुडवून घेते. त्याचे लहान-मोठे आकार मिळतात. पहिल्यांदा तपासणी असेल, बाळंतपण सिझरने झालं असेल, किंवा पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्याने तिथे कोरडं पडलं असेल, तर "सिस्टर, लहान वापरा" असं सांगता येतं.

दाब वाटतो. शौचाला लागल्यासारखंही वाटतं. त्या वेळी श्वास रोखून पोट आवळलं तर जास्त दुखतं. तोंडाने हळू श्वास सोडला आणि बूड टेबलाला टेकवून ठेवलं तर कमी.

पुढचं काम कोणती तपासणी आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे पालिकेच्या आणि सरकारी शिबिरात बहुतेक वेळा व्हीआयए करतात. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. ॲसिड हा शब्द ऐकून घाबरू नका, चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ते व्हिनेगर म्हणजे हेच. जरा चुणचुणतं. मग मिनिटभर थांबतात आणि दिव्याच्या उजेडात बघतात. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. उत्तर तिथल्या तिथे मिळतं. दुसरी तपासणी पॅप स्मिअर : छोट्या लाकडी पट्टीने किंवा ब्रशने तोंडावरच्या सुट्या पेशी पुसून काचेवर घेतात आणि लॅबला पाठवतात. मांस कापत नाहीत. आपण गालाच्या आतून बोट फिरवलं तर जे बोटाला लागेल, तेवढंच. एखाद-दुसरा थेंब रक्त दिसू शकतं. तिसरी एचपीव्ही चाचणी, ज्यात त्या पेशींत विषाणू आहे का ते बघतात. ही सगळ्यात अचूक, पण महाग, आणि आपल्या वस्तीच्या शिबिरात अजून सहसा नसते. तिची एक गोष्ट आम्हाला फार आवडते : यात बाई स्वतःच, पडद्यामागे, मऊ ब्रश आत फिरवून नमुना देऊ शकते. स्पेक्युलम नाही, टेबल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. सरकारी दवाखान्यात ती मिळावी अशी मागणी आपण महिला मंडळांनी लावून धरायला हवी.

आत घालण्यापासून बाहेर काढेपर्यंत सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

सोबत छातीची तपासणीही करतात. ब्लाउज काढून, आधी नजरेने, मग बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन आणि काखा चाचपतात. गाठ आहे का, त्वचा आत ओढली गेलीय का, बोंडातून रक्त किंवा पाणी येतं का, एवढंच बघतात. याला मशीन लागत नाही.

ज्या उपकरणाला आपण भितो त्याचा इतिहासही सांगून ठेवतो. आजही वापरात असलेल्या स्पेक्युलमच्या एका प्रकाराचा आराखडा अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरचा. त्याने १८४० च्या दशकात काळ्या गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून आपली विद्या मिळवली. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यातल्या तिघींची नावं. त्या गुलाम असल्याने "नाही" म्हणण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कशेजारचा सिम्सचा पुतळा लोकांच्या निषेधानंतर २०१८ साली हलवावा लागला. पॅप चाचणी ज्याच्या नावाने आहे त्या पापानिकोलाऊ या डॉक्टरच्या मागेही एक बाई आहे. त्याची बायको वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देत राहिली, तेव्हा कुठे त्याला निरोगी पेशी कशा दिसतात ते कळलं. तिचं नाव चाचणीला नाही.

पांढरा डाग आणि पिशवी

आता त्या सगळ्यात मोठ्या भीतीकडे येऊ. आमच्या वस्तीतली निम्मी घरं मराठवाड्यातून आलेली, बीड, लातूर, जालना, उस्मानाबाद. गावाकडे कोणाची ना कोणाची जाऊ, बहीण, नणंद अशी असतेच जिची पिशवी तिशीत काढलीय. अंगावरून पांढरं जातंय म्हणून खासगी दवाखान्यात गेली, सोनोग्राफी झाली, "पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल" असं ऐकलं, आणि उचल घेऊन ऑपरेशन करून आली. बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. ज्यांनी हे पाहिलंय त्या बायका तपासणीला भीत असतील तर चुकीचं काय?

म्हणून हे पाठ करून ठेवा. व्हीआयएमध्ये पांढरा डाग दिसणं म्हणजे कर्करोग नाही. डाग दिसणाऱ्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतोच. साध्या सुजेने, जंतुसंसर्गानेही डाग दिसतो. त्या डागाचा अर्थ एवढाच की पुढे आणखी एकदा नीट बघायला हवं. ते बघणं कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीने करतात : बाई त्याच स्थितीत झोपते, दुर्बीण बाहेरच असते, आत जात नाही. शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात, त्याला बायोप्सी म्हणतात. चिमटा बसल्यासारखं दुखतं, एक-दोन दिवस थोडं रक्त जातं.

आणि पेशी बिघडलेल्या निघाल्या, पण कर्करोग झालेला नाही, तर उपचार काय? तेवढाच भाग गॅसने गोठवून टाकतात किंवा उष्णतेने जाळतात. पोट फाडायचं नाही, भूल देऊन झोपवायचं नाही, अर्ध्या तासात बाई चालत घरी. त्यानंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखं जात राहतं, म्हणून कपडा जवळ ठेवायचा, आणि साधारण महिनाभर संबंध नको. हे शेवटचं नवऱ्याला समोर बसवून सांगायला आमच्या ताया तयार असतात, निःसंकोच बोलवा. पिशवी जागेवर राहते. पाळी येत राहते.

तेव्हा नुसता पांढरा डाग बघून, किंवा नुसत्या सोनोग्राफीवर, कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर उठून घरी यायचं. बायोप्सीचा कागद हातात आल्याशिवाय सही नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाच्या बिघडलेल्या पेशी दिसतच नाहीत, त्यासाठी वर सांगितलेल्या तपासण्याच लागतात. कर्करोग खरोखर निघालाच तर मात्र वेळ घालवायचा नाही. सुरुवातीच्या टप्प्यावर तो बरा होतो, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार नीट करून ठेवा, नावात एका अक्षराची चूक असली तरी ऐनवेळी धावाधाव होते.

हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो आणि तो संबंधातून पसरतो. इथे घराघरात भांडण पेटतं. रिपोर्टवर एचपीव्ही लिहून आलं की नवरा विचारतो, "कुठून आणलास?" किंवा बाई नवऱ्याला विचारते. दोघांनीही थांबावं. लग्न झालेल्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो, आणि बहुतेकांच्या अंगातून दोन वर्षांच्या आत आपोआप जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. तो आज सापडला म्हणजे काल लागला असं नाही, दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यावरून कुणाचंही चारित्र्य ठरत नाही. आणि ही तपासणी म्हणजे कौमार्याची चाचणीही नव्हे. आमच्याकडे हा प्रश्न येतो, कारण बलात्कार झालेल्या बाईची दोन बोटांनी जी तपासणी करत त्याबद्दल बायकांनी ऐकलेलं असतं. ती तपासणी अशास्त्रीय आणि अपमानकारक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ऑक्टोबरात ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल असं स्पष्ट सांगितलं. तिचा आणि कर्करोगाच्या तपासणीचा काही संबंध नाही. जिचा कधी संबंध आलेला नाही अशा मुलीला ही तपासणी लागतच नाही. तिच्यासाठी लस आहे, आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेनेही बनवली आहे. तिच्याबद्दल पुढे कधीतरी स्वतंत्र लिहू.

व्हीआयए ही गरिबांची हलकी तपासणी आहे का?

हाही प्रश्न येतो, आणि तो बरोबर आहे. सोसायटीतल्या मॅडमना पॅप आणि एचपीव्ही, आम्हाला व्हिनेगर का?

याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होती. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या बायका. त्यांचे चार गट केले : एकाची एचपीव्ही चाचणी, एकाची पॅप, एकाची व्हीआयए, आणि चौथ्या गटाची तपासणी नाही. तपासणीला बोलावलेल्या शंभर बायकांपैकी ऐंशीच्या आसपास आल्या. शेतात राबणाऱ्या, बहुतेक निरक्षर बायका. कोण म्हणतं बायका येत नाहीत? २००९ साली निकाल आला. एचपीव्ही गटात ३४ बायका या कर्करोगाने गेल्या, तपासणी न केलेल्या गटात ६४. म्हणजे एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मरण जवळपास निम्म्यावर आलं. त्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने किंवा पॅपने तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधला, टाटा मेमोरियलचाच, १९९८ पासूनचा. दीड लाख बायका, आणि तपासणी होती फक्त व्हीआयए, पण दर दोन वर्षांनी, चार वेळा. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी झालेल्या, काही आठवड्यांचं शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. शंभरातल्या ८९ बायका आल्या. मरणाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. २०१३ साली हा निकाल अमेरिकेत जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांसमोर मांडला गेला.

दोन्ही मिळून आम्हाला जे कळतं ते असं : व्हीआयए एकदा करून विसरायची गोष्ट नाही, ती पुन्हा पुन्हा केली तर उपयोगाची आहे. एचपीव्ही चाचणी सरस आहे आणि ती मागणं आपला हक्क आहे, पण ती येईपर्यंत व्हीआयए सोडून घरी बसणं परवडणारं नाही. आणि बायका आल्या, कारण बोलावणारी आणि तपासणारी दोघीही आधी समजावून सांगत होत्या.

पण या अभ्यासांची दुसरी बाजूही आहे. तपासणी न केलेल्या त्या चौथ्या गटातल्या ६४ बायका. मुंबईच्या अभ्यासातही निम्म्या, म्हणजे ७६ हजार बायका, फक्त माहिती देऊन सोडल्या होत्या. पॅपची तपासणी जगाला तेव्हाच अर्धशतक माहीत होती. तरी इतक्या बायकांना वर्षानुवर्षं तपासणीशिवाय नुसतं मोजत राहणं योग्य होतं का, आणि अशी तपासणी असते हे त्यांना नीट सांगून संमती घेतली होती का, असा प्रश्न काही डॉक्टरांनीच उघडपणे विचारला आणि त्यावर मोठा वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या काळी या बायकांना तशीही कुठलीच तपासणी मिळत नव्हती. आमचं मत विचाराल तर हे उत्तर पुरेसं नाही. गरीब बाईला काही मिळत नाही, ही तिच्यावर प्रयोग करण्याची परवानगी होऊ शकत नाही. जो पुरावा आज साऱ्या जगाच्या उपयोगी पडतोय त्याची किंमत गावच्या आणि वस्तीच्या बायकांनी मोजली आहे. तो पुरावा सगळ्यात आधी आपल्याच पदरात पडायला हवा.

खोलीत काय मागायचं

तपासणीआधी तीन गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत : काय करणार, कशासाठी, आणि काही निघालं तर पुढे कुठे पाठवणार. तिसऱ्याचं उत्तर नसलेलं शिबिर आम्ही आमच्या वस्तीत घेऊ देत नाही. डाग दाखवून बाईला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा तपासणी न केलेली बरी.

पडदा किंवा बंद दार हवं. विद्यार्थी बघायला उभे असतील तर तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे, आणि नाही म्हणता येतं. सोबत जाऊ, मैत्रीण, शेजारीण आत घेता येते. डॉक्टर पुरुष असेल तर खोलीत दुसरी बाई हजर असलीच पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली खासगी नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली, त्यात हे लिहिलेलं आहे, आणि ती सनद दवाखान्यात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. दिसली नाही तर विचारा, कुठे लावलीय म्हणून. आणि मध्येच दुखलं, घाबरायला झालं, तर "थांबा" म्हणा. थांबलं पाहिजे. अर्धवट राहिली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी होते. आमच्या ताया शिबिरात टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभ्या राहतात, पायाकडे नाही. बोलायला आणि हात धरायला कुणीतरी डोक्याशी लागतं.

सरकारच्या कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची असं ठरलेलं आहे, आणि ती फुकट आहे. आशाताई वही घेऊन येतात तेव्हा हेच विचारत असतात. पन्नाशी उलटली, पाळी गेली, की बघायची जागा आत सरकते आणि व्हीआयएत नीट दिसत नाही, तेव्हा अशा मावश्यांनी पॅप किंवा एचपीव्ही मागावी. एचआयव्ही असलेल्या बहिणींनी लवकर, पंचविशीपासून, आणि जास्त वेळा करावी. गरोदर असाल तर आधी सांगा. आपरेशन झालं, मुलं होणं थांबलं, नवरा वारला, म्हणून तपासणी थांबवायची नाही. विषाणू जुना असू शकतो, हे वर सांगितलंच.

दिघीतून भोसरीचं पालिकेचं रुग्णालय जवळ आहे. पुढच्या तपासण्यांसाठी संत तुकारामनगरचं वायसीएम. कंपनीत ईएसआय कापलं जात असेल तर तुमचं कार्ड, आणि नवऱ्याच्या कार्डावर तुमचं नाव असेल तर तेही, चिंचवडच्या मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात चालतं. जाण्याआधी तपासणीचा वार विचारून घ्या, नाहीतर दिवस फुकट जातो. एकटीने जाण्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच जणी मिळून जा. खाडा सगळ्यांचाच पडतो, पण रांगेत एक जण पोरं सांभाळते आणि केसपेपरला एकच जण उभी राहते.

शेवटचं, आणि हे शिबिराबद्दल नाही. संबंधानंतर रक्त दिसतंय, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जातंय, घाण वासाचं पाणी जातंय, कंबर आणि ओटीपोट सतत दुखतंय, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कपड्याला पुन्हा डाग लागलाय, तर आमच्या पुढच्या शिबिराची वाट बघू नका. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्त्रीरोग ओपीडीचा केसपेपर काढा. सोबत कुणी नसेल तर रविवारी विहारात महिला मंडळाच्या ताईंना सांगून ठेवा, आमच्यापैकी एक जण बरोबर येईल.